हिरव्या जाळीआडचा लाल ॲग्लोनिमा: एरंडवण्यातलं एक प्रकरण

झाड लिपस्टिक ॲग्लोनिमा, म्हणजे हिरव्या पानांना लाल काठ असलेलं घरातलं शोभेचं झाड. सहा इंची प्लॅस्टिकची कुंडी आणि ती एका देखण्या चिनी मातीच्या भांड्यात बसवलेली. घर एरंडवण्यातलं, जुन्या इमारतीचा दुसरा मजला, राहणारं जोडपं, काका आणि काकू, निवृत्त. लेकीने जानेवारीतल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून हे झाड आणून दिलेलं. त्यानंतरचे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि पुढचाही उन्हाळा त्याने हॉलच्या खिडकीतल्या कट्ट्यावर मजेत काढले. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र बिघडलं. खालची पानं एकेक करून पिवळी पडून गळायला लागली. नव्या पानांचा लाल काठ जवळजवळ नाहीसा झाला. देठ लांबले, झाड एका अंगाला झुकलं. आणि घरात चिलटं झाली.

"पाणी तेवढंच, जागा तीच, खतही तेच. आम्ही काही म्हणता काही बदललं नाही गं. मग ह्याला झालं काय?" असं काकूंनी फोनवर विचारलं. झाडं बिघडल्यावर लोक सहसा काहीतरी लपवतात. गावाला गेलो होतो, बाईंनी खरकटं पाणी ओतलं, असं काहीबाही नंतर बाहेर येतं. इथे तसं नव्हतं. काकूंचा रोज सकाळी पूजेनंतर एक कप पाणी घालण्याचा नेम होता आणि तो दीड वर्षात चुकलेला नव्हता. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते याच कारणाने. नेम तोच असताना झाड सडलं.

मी जाईपर्यंत उपाय भरपूर झाले होते. चहाचा चोथा घालून झाला होता, पातळ ताक घालून झालं होतं, कुणाच्या तरी व्हिडिओत पाहून एप्सम सॉल्टही घातलं होतं. मीठ-मोहरी ओवाळून दृष्टही काढली होती. दृष्ट काढण्याने निदान झाडाचं नुकसान झालं नाही, बाकीच्या उपायांबद्दल तसं म्हणता येत नाही.

पुण्यात ॲग्लोनिमा बिघडला की मी आधी महिना बघते. डिसेंबर-जानेवारी असेल तर थंडीचा संशय. हे झाड आग्नेय आशियातल्या उष्ण, दमट जंगलांमधलं. पारा १२-१३ अंशांच्या खाली गेला की ते दुखावतं, आणि शिवाजीनगरच्या वेधशाळेत हिवाळ्यात एखाद्या पहाटे १० अंशांखालचीही नोंद होते. थंडी लागलेल्या पानावर तेलकट, काळपट चट्टे उठतात. एप्रिल-मे असेल तर कोरडी हवा आणि लाल कोळी. तेव्हा पान उलटं करून भिंगातून पाहायचं, बारीक जाळं आणि टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. मग विचारायचं पाण्याचं. वाघोली, उंड्री अशा भागात वर्षातले कित्येक महिने टँकर नाहीतर बोअरवेलवर काढणारी घरं आहेत. त्या जड पाण्याने पानांची टोकं करपतात आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर साचतो. एरंडवण्यातल्या ह्या घरात महापालिकेचं, म्हणजे खडकवासल्याच्या बाजूचं सौम्य पाणी येतं. काठ स्वच्छ होता, टोकं शाबूत होती. पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूणही नव्हता.

राहिली चिलटं. काकांनी त्यांचा दोष टेबलावरच्या केळ्यांवर टाकला होता आणि वाटीत व्हिनेगर ठेवून सापळाही लावला होता. सापळ्यात फारसं काही सापडत नव्हतं, कारण ती चिलटं फळांवरची नव्हतीच. केळ्यावरचं चिलट तपकिरी, लाल डोळ्यांचं, जरा गुबगुबीत असतं. हे काळं, लांब पायांचं, डासाच्या पिल्लासारखं दिसणारं असतं. ते उडण्यापेक्षा मातीवर चालतं जास्त, आणि कुंडीला टिचकी मारली की पाच-सहा एकदम वर उठतात. त्याच्या अळ्या ओल्या माध्यमात (कुंडीत भरलेल्या माती-मिश्रणात), बुरशीवर आणि कुजणाऱ्या मुळांवर जगतात. ही चिलटं दिसली की मुळं बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

म्हणजे कुंडीत पाणी साचत होतं. पण दीड वर्ष न साचता आताच का साचायला लागलं?

उत्तर खिडकीबाहेर होतं. शेजारची तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली होती. गेल्या हिवाळ्यात ती पाडली. मग पायाच्या खड्ड्याच्या काळात उजेड उलट वाढलाच होता. उन्हाळ्यात स्लॅब चढायला लागले, आणि पावसाळ्याच्या तोंडाला खिडकीपासून जेमतेम बारा-पंधरा फुटांवर परांची उभी राहिली. तिच्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी. परांचीवर दिवसभर माणसं, त्यामुळे काकूंनी पडदा ओढून घेतला. सिमेंटची धूळ येते म्हणून काच बंद. काचेवर धुळीचा आणि पावसाच्या ओघळांचा थर. पानावरून बोट फिरवलं तर बोट राखाडी झालं. घराच्या आत खरंच काहीही बदललेलं नव्हतं.

मोबाइलवर उजेड मोजायचं एक ॲप मी वापरते. त्याचे आकडे प्रयोगशाळेतल्या मीटरइतके नेमके नसतात, पण एकाच फोनने दोन जागांची तुलना करायला पुरतात. सकाळी अकराच्या सुमारास, ढगाळ आभाळात, पडदा ओढलेला असताना झाडाच्या शेंड्याशी दीडशे लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास आकडा येत होता. पडदा सारल्यावर चारशे. त्याच वेळी पूर्वेकडच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीत अडीच हजार. काकांचा विश्वास बसेना. "हॉल तर चांगला उजेडाचा आहे की!" माणसाच्या डोळ्यांना तसं वाटतंच. बाहुली मोठी होते आणि खोली पुरेशी उजळ दिसते. झाडाला तशी सोय नाही.

इथे ॲग्लोनिमाच्या नावलौकिकाचा घोळ आहे. "कमी उजेडात चालणारं झाड" म्हणून तो विकला जातो, आणि हिरव्या-रुपेरी जुन्या जातींच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे. बँकेच्या काउंटरवर ट्यूबलाइटखाली वर्षानुवर्षं काढणारा ॲग्लोनिमा पाहिला असेल तो त्यातलाच. लाल जाती मागाहून आल्या. इंडोनेशियातल्या बोगोरच्या ग्रेगोरी हंबाली यांनी सुमात्रातल्या रोटंडम या लालसर जातीचा संकर करून १९८० च्या दशकात 'प्राइड ऑफ सुमात्रा' तयार केला, आणि पुढे इंडोनेशिया-थायलंडमध्ये लाल-गुलाबी वाणांची रांग लागली. पानात लाल-गुलाबी भाग जेवढा जास्त, तेवढा अन्न तयार करणारा हिरवा भाग थोडा. म्हणून या जातींना त्या हिरव्या-रुपेरी आजोबांपेक्षा जास्त उजेड लागतो. तो मिळाला नाही तर झाड लाल रंगावरचा खर्च थांबवतं आणि नवं पान हिरवं काढतं. काकूंना वाटलं होतं की रंग धुऊन गेला. जुन्या पानांचा रंग होता तसाच होता, धुळीखाली. नवी पानंच वेगळी येत होती.

पाण्याचा दुवा इथे जुळतो. कुंडीतलं झाड रोज किती पाणी पिणार हे मुख्यतः उजेड, ऊब आणि हवेचा कोरडेपणा यांवर ठरतं. आपल्या नेमावर ते ठरत नाही. सोलापूर रस्त्यावर मांजरी-उरुळी कांचनच्या बाजूला शेडनेटखाली हीच झाडं रोज पाणी घेतात आणि मजेत असतात, कारण तिथे जाळीतूनही उजेड भरपूर असतो आणि वारा खेळता असतो. काकूंच्या खिडकीत पहिलं दीड वर्ष रोजचा एक कप हा थोडा सढळ पण खपण्यासारखा होता. उजेड एकदम घटला, आषाढ-श्रावणात हवा दमट झाली, काच बंद असल्याने वारा थांबला. झाडाची तहान कमी झाली, कप तेवढाच राहिला. माध्यम निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि कोकोपीट आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतं. वरून ते तपकिरी, कोरडं दिसतं. काकू वरचा थर बघायच्या आणि कप ओतायच्या.

ओल्या कुंडीबद्दल बहुतेक जण "पाणी कमी करा" एवढंच सांगतात. या प्रकरणात तो सल्ला अर्धवट ठरला असता. पाणी तोडलं असतं तर सड थांबली असती, पण दीडशे लक्समध्ये नवी मुळं फुटायला झाडाकडे काही शिल्लकच नव्हतं. ते फक्त सावकाश मेलं असतं. माझा क्रम नेहमी आधी उजेड, मग माध्यम आणि शेवटी पाणी असा असतो.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून झाड बाहेर काढलं. चिनी मातीच्या भांड्याला भोक नव्हतं आणि तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं, त्याला गटारासारखा वास. कुंडीच्या वरच्या भागातली मुळं पांढरी, टणक होती. खालची तपकिरी. त्यातलं एक चिमटीत धरून हलकेच ओढलं तर भिजवलेल्या वालाची साल सुटावी तसं वरचं आवरण हातात आलं आणि आत दोऱ्यासारखी बारीक शीर तेवढी राहिली. ओल्या माध्यमातल्या मूळकुजीची ही ओळखीची खूण. तीन फुटव्यांपैकी एकाचा बुंधा मातीलगत मऊ पडला होता, अंगठ्याने दाबल्यावर पाणी सुटलं. उरलेले दोन वरून दिसायला हडकुळे, पण बुंध्यात घट्ट होते.

कामाला लागण्यापूर्वी काकूंना हातमोजे घालायला लावले. ॲग्लोनिमा आपल्या अळूच्या आणि सुरणाच्या कुळातला. ज्या सुईसारख्या ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे अळू खाजतं आणि म्हणून आपण फदफद्यात चिंच घालतो, तेच स्फटिक याच्या चिकातही असतात. घरात रांगता नातू येतो-जातो, तेव्हा खालची गळालेली पानं लगेच उचलायची हेही सांगितलं. पान चघळलं तर तोंड आणि जीभ चांगलीच चुरचुरते.

नळाच्या पाण्याच्या बारीक धारेखाली सगळं कोकोपीट धुतलं, कुजकी मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने पांढरा भाग लागेपर्यंत कापली. मऊ फुटवा सोडवून वेगळा केला. त्याचा बुंधा कापत वर गेले. आतला तपकिरी डाग जिथे संपून कापलेला भाग स्वच्छ हिरवट-पांढरा दिसला तिथे थांबले. वरचा शेंडा दोन पानं ठेवून एका काचेच्या ग्लासात पाण्यात उभा केला. राहिलेले दोन फुटवे चार इंची, तळाला भरपूर भोकं असलेल्या साध्या कुंडीत लावले. मुळं निम्मी झाली की कुंडीही लहान हवी. मोठ्या कुंडीतलं जास्तीचं माध्यम नुसतं ओलं राहतं. मिश्रणात कोकोपीट एक भाग, परलाइट (हलके, पांढरे खनिजाचे दाणे) एक भाग, आणि ऑर्किडला वापरतात त्या सालीचे बारीक तुकडे व कोळशाचा चुरा मिळून एक भाग. खत काहीही नाही. "थोडं गांडूळखत तरी?" असं काकूंनी विचारलं. मुळं नसताना खत देणं म्हणजे कुंडीत क्षार साठवणं, म्हणून नवीन पान उलगडेपर्यंत तेही बंद. एप्सम सॉल्टची पुडी काकांनी पाय शेकायच्या पाण्यासाठी ठेवून घेतली.

खरी अडचण पुढेच होती, जागेची. माझ्या हिशेबाने झाड सरळ झोपायच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीत, झिरझिरीत पडद्याआड जायला हवं होतं. काकूंना ते मंजूर नव्हतं. त्यांची खुर्ची हॉलमध्ये, दुपारचं वाचन हॉलमध्ये, आणि झाड लेकीने दिलेलं. "न दिसणारं झाड ठेवून करू काय मी?" काकांचा मुद्दा वेगळा होता. ॲग्लोनिमा हवा शुद्ध करतो, नासाने सांगितलंय, मग धुळीच्या खिडकीतच तो हवा. नासाच्या १९८९ च्या ज्या चाचण्यांचा हा हवाला आहे त्या छोट्या हवाबंद पेट्यांमध्ये, आणि बेंझीनसारख्या वायुरूप रसायनांवर झालेल्या. दारं-खिडक्या असलेल्या हॉलमध्ये एका कुंडीने फरक पडत नाही आणि सिमेंटच्या धुळीशी तर त्याचा काही संबंधच नाही. काकांनी ऐकून घेतलं, पटलं की नाही ते सांगितलं नाही.

मला मात्र काकूंचं म्हणणं रास्त वाटलं. घरातलं झाड बघण्यासाठी असतं. जिथे कुणाची नजर जात नाही त्या खोलीतल्या झाडाची कीडही वेळेत दिसत नाही. म्हणून झाड हॉलमध्येच ठेवलं, पण खिडकीतून काढून खुर्चीशेजारच्या तिवईवर, आणि उजेड विकत घेतला. नातवंडांसाठी घेतलेला अभ्यासाचा दिवा माळ्यावर पडून होता. त्यात १२ वॅटचा साधा पांढरा एलईडी बल्ब घातला आणि टोपी झाडाच्या शेंड्यापासून फूटभर वर आणली. ॲपवर दोन हजारांच्या जवळ आकडा आला. जांभळ्या उजेडाचे खास दिवे महाग मिळतात, घरातल्या एका झाडासाठी त्यांची गरज नाही, आणि त्या प्रकाशात झाड भुतासारखं दिसतं. सकाळी सात ते संध्याकाळी सात, टायमर लावून. दिवसाला १४४ वॅट-तास, म्हणजे महिन्याला सव्वाचार युनिटांच्या आसपास. काकांनी हा हिशेब पुन्हा करून पाहिला आणि मगच परवानगी दिली. दिव्याखाली काकूंचं वाचनही व्हायला लागलं, त्यामुळे दिवा कोणाचा यावर नंतर बोलणं झालं नाही.

पाण्याचा नेम मोडणं त्याहून अवघड गेलं. रोजच्या पूजेला जोडलेली गोष्ट बंद करायला सांगितली की माणूस चुकचुकतो. म्हणून नेम तसाच ठेवला, फक्त कृती बदलली. पूजेनंतर कुंडी रोज उचलायची. पाणी घालून निथळल्यावर तिचं वजन हाताला कळतं, आणि काही दिवसांनी ती हलकी लागायला लागते. हलकी वाटली तरी बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघायचं, ओल लागली तर त्या दिवशी नुसता नमस्कार. पाणी द्यायचं ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये, खालून वाहेपर्यंत, आणि पूर्ण निथळूनच कुंडी परत जागेवर. चिनी मातीच्या भांड्यात आता छत्र्या ठेवतात. पानं आठवड्याला ओल्या फडक्याने पुसायची, खालून हात देऊन.

चिलटांसाठी औषध मारलं नाही. कुंडीजवळ पिवळा चिकट कागद लावला आणि माध्यमाचा वरचा थर सुकू दिला. अळ्यांना ओल लागते, ती तुटल्यावर महिन्याभरात ती दिसेनाशी झाली.

झाड मात्र सावकाश सावरलं. लावल्यानंतर आणखी दोन पानं गळाली, तेव्हा काकूंचा फोन आला. ते अपेक्षित होतं. निम्मी मुळं गेल्यावर तेवढी पानं पोसली जात नाहीत. गणपती झाले तरी शेंड्याची सुरळी तशीच बंद होती. नवरात्राच्या सुमारास एका फुटव्याची सुरळी उलगडली आणि पानाला काठाने बारीक गुलाबी रेघ होती. त्यापुढच्या पानाचा काठ आणि मधली शीर दोन्ही ठळक लाल. पावसाळ्यात आलेली हिरवी पानं हिरवीच राहिली आहेत आणि ती गळेपर्यंत तशीच राहतील. ग्लासातल्या शेंड्याला दिवाळीच्या आधी पांढरी मुळं फुटली. तो आता वेगळ्या कुंडीत, पूर्वेच्या खिडकीत आहे. दिव्याशिवाय, पडद्याआडच्या उन्हात त्याचा रंग हॉलमधल्या झाडापेक्षा उजवा आहे, हे काकूंनीच मला दाखवलं.

थंडीचे दोन महिने तिवई खिडकीपासून दूर आहे, तेव्हा ती काळजी नाही. पाणी आणखी लांबलंय, कधी दहा-बारा दिवसांवर. शेजारची जाळी उतरली, पण तिथे आता अकरा मजली भिंत आहे. त्यामुळे कट्ट्यावर परत जाण्याचा प्रश्न उरलेला नाही. तिथे काकूंना काहीतरी हवंच असेल तर हिरव्या पानांची झामिया, म्हणजे झेडझेड प्लांट, चालेल, असं मी सुचवलंय.

झाडाचा आकार बिघडलाय तो मात्र अजून तसाच. अंधारात लांबलेले दोन्ही बुंधे उघडे दिसतात आणि पानांचा झुपका वर टोकाला. फेब्रुवारीअखेर ऊब वाढली की दोन्ही फुटवे मातीपासून तीन-चार पेरांवर छाटावेत आणि शेंडे त्याच कुंडीत रोवावेत, म्हणजे खालून नवे फुटतील आणि झाड पुन्हा बुटकं, भरगच्च होईल, असं मी सांगून आले. "आत्ता कुठे जगलंय, आणि तू निघालीस कात्री घेऊन!" काकू म्हणाल्या. काकांनी तोड काढली आहे, यंदा एकच छाटायचा.